वंशावळीत नसलेल्या लेकी

आमच्या घरी एक वंशावळ आहे. जाड खाकी कागद, मागून मांजरपाट चिकटवलेला, गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत ठेवलेली. इनामाच्या कुठल्याशा दाव्यात कोर्टापुढे ठेवायला आजोबांनी ती करून घेतली होती. तिच्यात नऊ पिढ्या आहेत आणि नऊ पिढ्यांत एकही बाई नाही. पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावाखाली 'निपुत्रिक' असं लिहून रेघ थांबवलेली आहे. या गृहस्थांना चार मुली होत्या. चौघी नांदल्या, चौघींना पोरंबाळं झाली. त्यातल्या एकीचा नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे यायचा आणि माझ्याहून जास्त आंबे खायचा. कागदावर मात्र ती फांदी वठलेली.

दुसऱ्या प्रकारची वंशावळ मी अलीकडे पाहिली. जनुकीय सल्ला देणारे डॉक्टर समोर बसलेल्या माणसाला विचारत विचारत ती काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला आजार झाला त्याचा आकार काळा भरायचा, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ मारायची, आणि चौकशी ज्याच्यापासून सुरू झाली त्याच्याकडे बाण काढायचा. किमान तीन पिढ्या हव्यात. या कागदाला आडनावाशी देणंघेणं नसतं. आत्या सासरी गेली म्हणून तिची रेघ तुटत नाही. उलट तिच्या मुलांची, त्यांच्या मुलांची चौकशी होते. 'आईच्या आईला बहिणी किती होत्या?' या प्रश्नाशी भलेभले अडखळतात. सुतक कुणाचं दहा दिवस आणि कुणाचं तीन दिवस हे पाठ असलेली माणसंही.

या दोन कागदांतल्या फरकावर माणसाचं आयुष्य अवलंबून असू शकतं, हे मला कळलं ते थायरॉईडच्या एका कॅन्सरमुळे.

आपल्याकडे 'मला थायरॉईड आहे' असं सर्रास म्हणतात. थायरॉईड सगळ्यांनाच असते, गळ्यात, श्वासनळीला पुढून बिलगलेली. पण 'तिला थायरॉईड निघाला' असं म्हटलं की समजायचं ते आपण समजतो. तर या ग्रंथीच्या कॅन्सरचे प्रकार अनेक. बहुतेक रुग्णांत पॅपिलरी नावाचा प्रकार सापडतो, तो बव्हंशी सावकाश वाढणारा आणि बरा होणारा, आणि सहसा आईबापांकडून आलेला नसतो. घराण्यातून येणारे काही प्रकार त्यातही आहेत. मोठ्या आतड्यात शेकडो कोंब येण्याचा एक आनुवंशिक विकार आहे, त्यातल्या काही तरुण मुलींना थायरॉईडचा कॅन्सर होतो. पीटेन आणि डायसर-वन या जनुकांतल्या दोषांनीही होतो. पण अनुवंशाचा धागा सर्वांत स्वच्छ दिसतो तो मेड्युलरी नावाच्या प्रकारात. थायरॉईडच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा शेकड्याला दोन-चारच. मात्र त्या रुग्णांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला तो आईकडून किंवा बापाकडून मिळालेला असतो, आणि तो मिळाला आहे की नाही हे गाठ येण्याच्या कितीतरी आधी, रक्ताच्या एका नमुन्यातून, नेमकं सांगता येतं. वैद्यकात 'नेमकं' हा शब्द इतक्या बिनधास्तपणे वापरायची संधी फार वेळा येत नाही.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये. १८८६ साली फेलिक्स फ्रॅंकेल या डॉक्टरने एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. तिला मधूनच छातीत धडधड व्हायची, डोकं ठणकायचं, चेहरा पांढराफटक पडायचा, जीव घाबरा व्हायचा. रुग्णालयात आल्यावर थोड्याच दिवसांत ती अचानक गेली. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत गाठी सापडल्या. अशा गाठींचं फिओक्रोमोसायटोमा हे नाव तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, ते १९१२ मध्ये आलं. या गाठी ॲड्रिनलीनसारखी रसायनं भलत्या वेळी भलत्या प्रमाणात रक्तात सोडतात आणि रक्तदाब एकाएकी आकाशाला भिडतो.

फ्रायबुर्गची ही मुलगी शंभरहून जास्त वर्षं पाठ्यपुस्तकांत 'फिओक्रोमोसायटोमाची पहिली रुग्ण' म्हणून राहिली. मग त्याच शहरातले हार्टमुट नॉयमान आणि त्यांचे सहकारी तिच्या नातलगांच्या मागावर निघाले. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तिच्या कुटुंबातल्या चार हयात माणसांच्या रक्तात रेट नावाच्या जनुकातला दोष सापडला आहे, आणि तो तोच दोष आहे ज्याने मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर होतो. म्हणजे १८८६ मध्ये जे एका मुलीचं दुर्दैव म्हणून नोंदलं गेलं, ते एका घराण्याचं होतं आणि चार-पाच पिढ्या ओलांडून चालत आलं होतं. डॉक्टर किडनीवरच्या गाठीकडे बघत राहिले. गळ्याकडे आणि माहेर-सासरकडे बघायला एकशे एकवीस वर्षं लागली.

गळा आणि ॲड्रिनल यांचा संबंध आहे हे तोवर कळलं होतं, तेही शवविच्छेदनाच्याच टेबलावर. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूजमध्ये जॉन सिपल या तरुण डॉक्टरने मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या एका ३३ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध केली. दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी, थायरॉईडमध्ये कॅन्सर. हा योगायोग आहे का, म्हणून सिपलने जुने कागद चाळले आणि फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णांत थायरॉईडचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दिसतो हे दाखवलं. मेड्युलरी हा वेगळा प्रकार आहे हे क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, मांडलं होतं. पुढे कळलं की हा कॅन्सर थायरॉईडचं हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा नाहीच. त्या पेशींच्या आजूबाजूला विखुरलेल्या, संख्येने थोड्या अशा सी पेशींचा तो आहे आणि या पेशी कॅल्सिटोनिन नावाचं दुसरंच हार्मोन बनवतात. थायरॉईडच्या वाड्यात राहणारे हे भाडेकरू. वाड्याचे नियम त्यांना लागू नाहीत. थायरॉईडच्या इतर कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन देतात, कारण त्या पेशी आयोडीन ओढून घेतात. सी पेशी आयोडीनला हातही लावत नाहीत. त्यामुळे हा कॅन्सर पसरल्यावर तो रामबाण उपाय इथे लागू पडत नाही.

कॅल्सिटोनिनने मात्र एक सोय केली. रक्तात ते वाढलेलं दिसलं की सी पेशी उच्छाद मांडताहेत हे समजायचं. सत्तरच्या दशकात अमेरिका-युरोपातल्या अशा घराण्यांत दरवर्षी सगळ्यांना बोलवायचं, शिरेतून पेंटागॅस्ट्रिन टोचायचं आणि कॅल्सिटोनिन किती उसळतं ते मोजायचं, असा शिरस्ता पडला. पेंटागॅस्ट्रिन टोचल्यावर चेहरा तापतो, छाती आवळते, मळमळतं. मिनिटा-दोन मिनिटांचा प्रकार, पण नकोसा. लहान मुलांना दरवर्षी त्या खुर्चीत बसवायचं. आकडा वाढला तर शस्त्रक्रिया, नाही वाढला तर पुढच्या वर्षी पुन्हा. जे मूल निर्दोष होतं त्याचीही सुटका नव्हती, कारण ते निर्दोष आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढे जनुक सापडल्यावर नेदरलँड्समधल्या घराण्यांची पडताळणी झाली, तेव्हा या चाचणीच्या भरवशावर थायरॉईड काढून टाकलेल्या काही जणांत दोष मुळात नव्हताच, असं निघालं.

आता जनुकाबद्दल.

रेट हे नाव एका अपघाताचं आहे. १९८५ मध्ये बॉस्टनमध्ये मासाहिदे ताकाहाशी आणि जॉफ्री कूपर माणसाच्या लिम्फोमामधला डीएनए उंदराच्या पेशींत घालून बघत होते. त्या घालाघालीतच डीएनएचे दोन तुकडे चुकीच्या जागी जोडले गेले आणि त्या जोडणीतून पेशींना बेफाम वाढवणारं जनुक हाती लागलं. मूळ गाठीत ते तसं नव्हतंच. प्रयोगात पेशीत डीएनए घालताना जी उलटापालट झाली त्यावरून त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव ठेवलं. १९८७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी या घराण्यांतला दोष दहाव्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे इथवर पत्ता काढला. १९९३ मध्ये घर सापडलं. केंब्रिजच्या ब्रूस पॉन्डर यांच्या गटातल्या लोइस मलिगन आणि सेंट लुईसमधल्या हेलन डॉनिस-केलर यांच्या गटाने एकाच वर्षी दाखवून दिलं की या घराण्यांतल्या आजारी माणसांत रेट जनुकात बिघाड असतो, निरोगी भावंडांत नसतो.

बिघाड म्हणजे किती? एक अक्षर. रेटचं प्रथिन हजाराहून जास्त अमिनो आम्लांची माळ आहे. त्यातला ६३४ क्रमांकाचा मणी सिस्टीन. जनुकात तो 'टी-जी-सी' असा लिहिलेला असतो. पहिल्या 'टी'च्या जागी 'सी' पडलं की तिथे सिस्टीनऐवजी आर्जिनीन येतं. बस, एवढंच.

या एका अक्षराने काय होतं ते समजून घ्यायला मला फुगडीचा आधार घ्यावा लागला. रेटचं प्रथिन पेशीच्या पडद्यात रोवलेलं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेरून निरोप आला की दोन रेट एकमेकांचे हात धरतात, फुगडी सुरू होते, आत 'वाढा' असा हुकूम जातो. निरोप संपला की हात सुटतात. बाहेरच्या भागातल्या सिस्टीनचं काम निराळं: एकाच रेटमधली दोन सिस्टीन एकमेकांना घट्ट धरून त्या भागाचा आकार सांभाळतात. त्यातलं एक नाहीसं झालं की दुसऱ्याचा हात रिकामा राहतो. रिकामा हात शेजारच्या तशाच रेटचा रिकामा हात पकडतो, आणि ही पकड सुटणारी नसते. निरोप येवो न येवो, फुगडी चालूच. वर्षानुवर्षं 'वाढा, वाढा' ऐकत सी पेशी आधी दाटीवाटी करतात आणि मग त्यांचा कॅन्सर होतो.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी हे घडतं. म्हणून प्रत्येक अपत्याला धोका अर्धा, आणि नाणेफेक दर वेळी नव्याने होते. चार मुलांतल्या दोघांनाच होईल असा करार नसतो. मुलगा-मुलगी भेद नाही. 'आमच्यात हे एक पिढी सोडून उतरतं' असं पुष्कळ आजारांबद्दल आपण ऐकतो. रेटचा दोष पिढी सोडत नाही. सुटल्यासारखी वाटणारी पिढी बहुधा दुसऱ्या कशाने आधी गेलेली असते, किंवा तिच्या गळ्याला कुणी हात लावून पाहिलेलं नसतं.

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला १९९४ मध्ये, देशाने २००५ मध्ये. रेटने कायद्याची वाट कधी पाहिली नव्हती.

अक्षर कुठलं बदललं यावर पुढचं बरंचसं ठरतं, आणि या आजारातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच. ६३४ वर बदल असेल तर सुमारे निम्म्या लोकांना पुढेमागे ॲड्रिनलच्या गाठी होतात, काहींना कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईडचा त्रास. यातल्या काहींच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, खाजणारा काळपट चट्टा असतो. कॅन्सर दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते तिथे खाजवत असतात, मलमं लावत असतात. ६०९, ६११, ६१८, ६२० या जागांवरच्या बदलांत क्वचित याच्या उलटं टोक दिसतं: आतड्याच्या शेवटच्या भागात नसांचं जाळंच तयार होत नाही आणि बाळाला जन्मापासून शी होत नाही. गर्भात आतड्याच्या नसा विणण्याचं कामही रेटकडेच असतं, म्हणून. एकच प्रथिन गळ्यात जास्त बडबडतं आणि आतड्यात गप्प बसतं, एकाच माणसात.

सर्वांत वाईट बदल ९१८ क्रमांकावरचा. तो प्रथिनाच्या आतल्या भागात असल्याने जोडीदार लागतच नाही. रेट एकटाच गिरक्या घेत राहतो. अशा मुलांना कॅन्सर पहिल्या वर्षातच होऊ शकतो. त्यांच्या जिभेवर आणि ओठांवर बारीक गाठी येतात, हातपाय लांबसडक होतात, बद्धकोष्ठ असतं. आणि तान्हेपणी ही बाळं रडतात तेव्हा डोळ्यांत पाणी येत नाही. रडणाऱ्या बाळाचे कोरडे डोळे बघून पुढची तपासणी सांगणारा बालरोगतज्ज्ञ ज्याला भेटला तो नशीबवान. या प्रकारात निम्म्याहून अधिक मुलांच्या आईबापांत दोष नसतो, तो नव्यानेच उपजलेला असतो, आणि जवळजवळ नेहमी बापाकडून आलेल्या प्रतीत. मुलात काही खोट निघाली की 'तिच्याकडून आलं' म्हणत सुनेकडे बघायची आपली रीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उपाय काय? गाठ येण्याआधीच थायरॉईड काढून टाकणं. ऐकायला अघोरी वाटतं, पण ही ग्रंथी गेली तर तिचं काम एका गोळीवर भागतं. आपल्या किती घरांत सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेतली जाते, अर्धा तास चहा अडवून धरते! सेंट लुईसचे शल्यविशारद सॅम्युएल वेल्स यांनी १९९४ मध्ये सात घराण्यांतल्या लोकांची रेट तपासणी करून १३ जणांच्या थायरॉईड काढल्याचं प्रसिद्ध केलं, निव्वळ जनुक वाचून केलेल्या या पहिल्या शस्त्रक्रियांपैकी. तेराही ग्रंथींत सी पेशी वाढू लागल्या होत्या किंवा कॅन्सर सुरू झाला होता. त्याच गटाने २००५ मध्ये लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या ५० जणांचा हिशेब मांडला: पाच ते दहा वर्षांनंतर ४४ जणांत आजाराचा मागमूस नव्हता. आज शस्त्रक्रियेचं वय अक्षरानुसार ठरतं. ९१८ असेल तर पहिल्या वर्षात, ६३४ असेल तर पाचव्या वर्षाच्या आसपास किंवा आधी, सौम्य बदलांत कॅल्सिटोनिनवर नजर ठेवून नंतर. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी लहान मुलांची जनुकं तपासू नयेत, ती मोठी होऊन स्वतः ठरवतील, असा वैद्यकाचा दंडक आहे. रेट हा त्याला सरळ अपवाद, कारण मूल ठरवण्याच्या वयाचं होईपर्यंत ठरवायला काही उरत नाही.

शस्त्रक्रिया सोपी नाही. मुलाच्या गळ्यात पॅराथायरॉईड डाळीच्या दाण्याएवढ्या, आवाजाची नस दोऱ्याएवढी. त्या दुखावल्या तर जन्मभर कॅल्शियमच्या गोळ्या किंवा घोगरा आवाज. त्यामुळे हे काम रोज करणाऱ्या हातांकडेच जावं. आणि मोठ्या माणसाची शस्त्रक्रिया असेल तर आधी ॲड्रिनलची तपासणी हवीच. तिथे लपलेली गाठ असताना भूल दिली तर रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. ॲड्रिनलची गाठ आधी काढायची, गळ्याला नंतर हात घालायचा, हा क्रम कधी मोडायचा नाही. बाळंतपणालाही हेच लागू.

पसरलेल्या आजारासाठीही आता औषधं आहेत. २०११ मध्ये वॅन्डेटॅनिब, २०१२ मध्ये कॅबोझॅन्टिनिब आणि २०२० मध्ये नेमकं रेटलाच धरणारं सेलपरकॅटिनिब अमेरिकेत मंजूर झालं. पण या औषधांनी आजार मागे हटतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो, तरी पाचव्या वर्षी काढलेल्या निरोगी थायरॉईडची सर त्याला नाही.

विज्ञानाच्या बाजूने म्हणाल तर हे प्रकरण जवळपास मिटलेलं आहे. जनुक माहीत, अक्षर माहीत, वय माहीत, शस्त्रक्रिया माहीत. मग अजूनही तिशी-चाळिशीतली माणसं गळ्यात गाठी घेऊन, यकृतात पसरलेला आजार घेऊन का येतात? ज्यांच्या घराण्यात हा दोष पहिल्यांदाच सापडतो आहे त्यांचं सोडा. पण ज्यांच्या चुलतभावाला, मावशीला, आतेबहिणीला तो आधीच सापडला होता त्यांचं काय?

हा प्रश्न फ्लोरिडात कोर्टात गेला होता. १९८७ मध्ये एका बाईवर मेड्युलरी कॅन्सरचे उपचार झाले. तीन वर्षांनी तिच्या मुलीला तोच आजार निघाला. हा आजार मुलांत उतरू शकतो, मुलांची तपासणी करा, असं डॉक्टरांनी आईला सांगायला हवं होतं, सांगितलं असतं तर मी वेळेत बरी झाले असते, असा मुलीचा दावा. खालच्या कोर्टांनी तो फेटाळला. डॉक्टरचा रुग्ण आई होती, मुलगी नव्हे. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की असं कर्तव्य असू शकतं आणि ते मुलांच्या हितासाठीच असतं. मात्र रुग्णाला सांगितलं की डॉक्टरचं कर्तव्य पुरं झालं. नातेवाइकांना हुडकत फिरणं त्याच्यावर लादता येणार नाही. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या एका कोर्टाने आतड्यांच्या आनुवंशिक कॅन्सरच्या खटल्यात याहून पुढे जाऊन म्हटलं की नुसतं रुग्णाला सांगणं दर वेळी पुरेसं असेलच असं नाही.

फ्लोरिडाचा निकाल मला कायदा म्हणून रास्त वाटतो. पण त्याने सगळा भार कुणावर टाकला ते पाहा. ज्याला नुकताच कॅन्सर निघालाय, ज्याच्या गळ्याला टाके आहेत, त्याने घरी जाऊन बहिणीला, मेहुण्याला, दहा वर्षं तोंड न पाहिलेल्या चुलतभावाला फोन करायचा. आपल्याकडे त्या फोनच्या वाटेत काय काय आहे! बांधावरून मोडलेलं बोलणं. 'पुतणीचं जमतंय, तेवढं पार पडू दे, मग सांगू.' 'तिच्या सासरी कळलं तर तिला नांदवतील का?' 'त्यांना सांगून त्यांचं सुखाचं आयुष्य कशाला नासवायचं?' यातलं एकही वाक्य दुष्टाव्यातून येत नाही, उलट बरीचशी मायेपोटी येतात. पण पुतणीचं जमून ती बाळंत होईपर्यंत बाळाचंही नाणं हवेत गेलेलं असतं.

विम्याची भीती खरी आहे. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी केली, आयुर्विमा मात्र बाहेर ठेवला. आपल्याकडे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विमा पॉलिसीतलं 'जनुकीय आजार वगळून' हे सरसकट कलम भेदभाव करणारं ठरवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोष सापडल्यावर पॉलिसीचं काय होईल, हा प्रश्न विचारणाऱ्याला 'काही होत नाही हो' असं उत्तर देऊन वाटेला लावू नये.

दोष नाही असा अहवाल आलेल्यांचंही एक दुःख असतं, त्याकडे कुणी बघत नाही. तीन भावंडांत दोघांना आहे, एकाला नाही. त्या एकाला जेवण गोड लागत नाही. तरीही त्याच्या कागदाचं मोल मोठं आहे: त्याच्या मुलांनी आता तपासायची गरज नाही, तिथून ती रेघ खरोखरच थांबली. 'निपुत्रिक' लिहून थांबवलेली नव्हे.

तपासणीची सोय नाही असं नाही. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरच्या अनुवंशासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. परळच्या केईएममधला एंडोक्रायनॉलॉजी विभाग ॲड्रिनलच्या या गाठींवर वर्षानुवर्षं काम करतो आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही रेटच्या तपासणीचा अनुभव आहे. मेड्युलरीचं निदान झालेल्या प्रत्येकाची, घरात आधी कुणाला असो-नसो, रेट तपासणी व्हावी असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण 'आमच्या घरात कुणालाच नाही' म्हणणाऱ्यांतही थोड्यांना दोष निघतोच. आणि एकदा घराण्याचं अक्षर सापडलं की बाकीच्यांचं अख्खं जनुक वाचावं लागत नाही. तेवढी एक जागा बघायची, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही कमी.

हल्ली हा प्रश्न अनपेक्षित दारातून मध्यमवर्गीय घरांत शिरला आहे. मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाईड, टिर्झेपटाईड ही इंजेक्शनं घेणारे आता आपल्याही ओळखीत असतात. त्यांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा असतो: स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झाला असेल तर हे औषध घेऊ नये. प्रयोगशाळेतल्या उंदरांत सी पेशींच्या गाठी दिसल्या होत्या म्हणून. माणसांत तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही. पण प्रश्न विचारला जातो, आणि आपण बेधडक 'नाही' म्हणतो. या 'नाही'चा अर्थ पुष्कळदा 'आम्हाला कुणी सांगितलेलं नाही' एवढाच असतो. गावाकडे मावशी 'गळ्याच्या गाठीने' गेली की 'पोट सतत बिघडायचं' त्याने, की 'एकाएकी झटका आला' त्याने, हे कुणी विचारलेलं असतं? या तिन्ही गोष्टी मेड्युलरी आणि त्याच्या भावकीत बसतात. वाढलेल्या आजारात जुलाब कित्येक महिने थांबत नाहीत, आणि लोक बिचारे ताक-भातावर राहून पोटाचे उपचार घेत असतात.

हा लेख लिहिता लिहिता मी स्वतःचा कागद करायला बसलो. चौकोन, वर्तुळं, रेघा. आमच्या घराण्यात या आजाराचा संशय घ्यावा असं काहीच नाही, केवळ हात वळवून पाहावा म्हणून. वडिलांची बाजू चटकन भरली, पत्र्याच्या नळीतली वंशावळ समोर होती. नऊ पिढ्यांचे चौकोन सरळ रांगेत. 'निपुत्रिक' पुसून तिथे चार वर्तुळं काढली. दोघींची नावं काकूने सांगितली, तिसरीचं माहेरचं नाव आठवलं, सासरचं नाही. मग आईची बाजू. आईला फोन लावला. आजी, तिचे दोन भाऊ, त्यांची मुलं. आणि आजीला एक धाकटी बहीण होती, असं आई म्हणाली. तिची मुलं? असतील की. कशाने गेली? ते काही कळलं नाही बाई. नाव?

आई बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "तिला वऱ्हाडात दिली होती."

मी वर्तुळ काढलं आणि आत प्रश्नचिन्ह घातलं.